एसटीच्या पाट्या वाचणारं पोर आणि घरशिक्षणाचा प्रश्न

दर वर्षी मे महिना सुरू झाला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो. "ताई, जूनमध्ये शाळेत पाठवूच नये असं वाटतंय. घरीच शिकवलं तर चालतं का हो? कायद्यानं गुन्हा वगैरे नाही ना?" बारा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं असल्यामुळे लोकांना वाटतं, हिला ठाऊक असणार. बोलता बोलता तासभर जातो, कारण त्या एका प्रश्नात चार प्रश्न गुंतलेले असतात. घरशिक्षण म्हणजे नेमकं काय? ते कायद्यात बसतं का? पुढे दहावी-बारावीचं काय? आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून विचारलेला खरा प्रश्न: "आमच्या पोराला ज्यात गोडी आहे ते शाळेत कुणी विचारतच नाही. त्याचं काय करू?"

२०१६ साली मुंबईतल्या एका मुलीला बारावीचं प्रमाणपत्र हातात नसताना अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. सातवीच्या सुमारास तिची शाळा सुटली होती. घरी राहून ती संगणकाच्या प्रोग्रॅमिंगमध्ये रमली आणि आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिम्पियाडमध्ये तिनं देशासाठी पदकं आणली. ही बातमी अजूनही पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरते. फिरता फिरता तिच्यातला एक भाग मात्र गळून पडतो. या मुलीला चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी जाणकारांचा सहवास मिळाला होता. शाळा सुटल्यानं वेळ मिळाला, आणि त्या वेळेत योग्य माणसं भेटली. दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा आहे, आणि माझं सगळं म्हणणं त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

## आधी तीन शब्द समजून घेऊ

घरशिक्षण किंवा होमस्कूलिंग म्हणजे मुलाला शाळेत न घालता त्याच्या शिक्षणाची जबाबदारी आईवडिलांनी स्वतः उचलणं. त्यात पुस्तकं, वेळापत्रक, परीक्षा असं सगळं असू शकतं. अनस्कूलिंग हा त्यातलाच सगळ्यात मोकळा प्रकार. त्यात ठरलेला अभ्यासक्रम नसतो. मूल ज्याच्या मागे लागतं त्याच्या मागे घरचे जातात. जॉन होल्ट नावाच्या अमेरिकी शिक्षकानं १९७० च्या दशकात हा शब्द रूढ केला. तिसरा शब्द सहज शिक्षण, म्हणजे कुणी शिकवायला बसलेलं नसताना, जगता जगता होणारं शिक्षण.

सहज शिक्षण समजून घ्यायला भाकरीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. भाकरीचा तास कुठल्याच घरात भरत नाही. पोर आजीजवळ बसतं. पिठाला गरम पाणी कशाला, मळताना तळव्याचा जोर कुठे लावायचा, परातीत पीठ कधी भुरभुरायचं, तव्यावर टाकल्यावर वरून पाणी कधी फिरवायचं, हे सगळं ते बघत असतं. मग एक दिवस त्याला लिंबाएवढा गोळा मिळतो. भाकरी वेडीवाकडी होते, एका बाजूनं फाटते. आजी ती भाजते, आणि ती भाकरी कुणीतरी खरंच खातं. पोराचं काम खऱ्या जेवणात गेलं! पुढच्या वेळी ते आपोआप जास्त लक्ष देऊन थापतं. बघायला मिळणं, छोटा वाटा मिळणं आणि तो वाटा खरा असणं, एवढ्या तीन गोष्टींवर सहज शिक्षण उभं असतं.

करोनाच्या काळात मुलं घरात मोबाइलसमोर बसून शाळा करत होती, त्याला बरेच जण अजून घरशिक्षण म्हणतात. ती शाळाच होती, फक्त जागा बदलली होती. त्या दोन वर्षांच्या अनुभवावरून घरशिक्षण चांगलं की वाईट हे ठरवणं बरोबर होणार नाही.

## आवड जन्मजात असते का?

"आमच्याला कशातच आवड नाही हो," असं पालक म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात एक चित्र असतं: आवड ही आत कुठेतरी तयारच असते, ती फक्त शोधून काढायची. मानसशास्त्रातलं चित्र वेगळं आहे. सुझान हिडी आणि अ‍ॅन रेनिंजर या दोन अभ्यासकांनी २००६ साली मांडलेली चार पायऱ्यांची मांडणी या विषयात फार वापरली जाते. त्यांची परिभाषा बाजूला ठेवून मी ती चुलीच्या भाषेत सांगते.

पहिली ठिणगी. जत्रेत बासरीवाला दिसला, पावसात गोगलगाय दिसली, मूल थबकलं. मग फुंकर. कुणीतरी त्या ठिणगीला हवा दिली, ती गोष्ट पुन्हा दाखवली, त्यावर बोललं. तिसरी पायरी म्हणजे बारीक लाकडं पेटणं. आता मूल स्वतःहून प्रश्न विचारतं, कुणी न सांगता त्या गोष्टीकडे परत येतं. आणि शेवटी निखारा. अवघड आलं, कंटाळा आला, अपयश आलं तरी आत धग राहते. ठिणग्या प्रत्येक मुलाच्या आयुष्यात रोज पडतात. बहुतेक विझतात, आणि त्यात काही गैर नाही, सगळ्याच ठिणग्यांच्या चुली झाल्या तर घर पेटेल. पण फुंकर घालणारं कुणी नसेल तर एकही निखारा होत नाही. म्हणून "कशातच आवड नाही" हे वाक्य मला अर्धवट वाटतं. तिथे ठिणगी पडली तेव्हा आपण कुठे होतो, हा प्रश्न राहून जातो.

पक्षीतज्ज्ञ सलीम अलींची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे, पण ती फुंकरीच्या बाजूनं पाहावी. मुंबईत मामांकडे वाढणारा दहा-बारा वर्षांचा मुलगा. छऱ्याच्या बंदुकीनं त्यानं एक चिमणी पाडली आणि तिच्या गळ्याशी पिवळा डाग दिसला. नेहमीच्या चिमणीला तो नसतो. मामांना, अमिरुद्दीन तय्यबजींना, ती ओळखता आली नाही. "असेल काहीतरी" म्हणून त्यांनी विषय संपवला नाही. त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी दिली आणि पोराला तिकडे पाठवलं. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून सांगितला, पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले, वाचायला पुस्तकं दिली आणि पक्ष्याची कातडी कशी टिकवायची हेही पुढे शिकायला मिळालं. दोन मोठ्या माणसांनी एका पोराचा प्रश्न मोठ्या माणसाच्या प्रश्नासारखा घेतला. मामांना उत्तर येत नव्हतं, आणि त्यानं काहीच अडलं नाही.

## पाट्या, नद्या आणि अर्धं तिकीट

माझा भाचा साताऱ्याला असतो, नऊ वर्षांचा. त्याला एसटीचं वेड आहे. स्टँडवर नेलं की तो फलाटाफलाटावर फिरून पाट्या वाचतो आणि वहीत लिहितो: गाडीचा नंबर, आगार, सुटायची वेळ. घरात सगळे वैतागले होते. शाळेतूनही निरोप आला होता की याचं लक्ष नसतं, वहीच्या मागच्या पानांवर गाड्या काढत बसतो. माझी बहीण म्हणाली, "यातून काय मिळणार गं त्याला?" मी म्हटलं, एक महिना मी येते दर रविवारी, बघू.

पहिल्याच रविवारी त्यानं मला विचारलं, "मावशी, सातारा म्हणजे एमएच ११ ना? मग आपल्या गाड्यांवर एमएच १४ आणि एमएच २० का लिहिलेलं असतं?" मला सांगता येईना. आम्ही फलाटावर चहा घेत बसलेल्या एका चालककाकांना विचारलं. त्यांनी पोराला शेजारी बसवून सांगितलं की एसटीच्या गाड्यांची बॉडी महामंडळाच्या स्वतःच्या कार्यशाळांत बांधली जायची: पुण्याजवळ दापोडीला, संभाजीनगरला चिकलठाण्यात आणि नागपूरला हिंगण्यात. गाडी जिथे तयार झाली तिथला नंबर लागला, मग ती महाराष्ट्रात कुठेही धावो. भाच्यानं वहीत तीन रकाने पाडले आणि तासाभरात चाळीसेक गाड्या तीन कार्यशाळांत वाटून टाकल्या. आपण याला आकडेवारीचं वर्गीकरण म्हणतो. तो याला "कुठली गाडी कुणाची" म्हणतो.

दुसऱ्या खेपेचा प्रश्न असा: महाबळेश्वरला एक गाडी मेढ्यावरून जाते आणि दुसरी वाई-पाचगणीवरून, तर तिकीट वेगळं का? वाहकांनी सांगितलं की एसटीचं भाडं टप्प्यावर असतं आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा. घरी आल्यावर नकाशा काढला. बोट ठेवून दोन्ही रस्ते गिरवले तेव्हा त्याला आणि मला एकदमच दिसलं की मेढ्याचा रस्ता वेण्णा नदीला धरून चढतो आणि वाई आहे कृष्णेवर. दोन्ही नद्या महाबळेश्वरला उगम पावतात, वेगवेगळ्या खोऱ्यांतून उतरतात आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला भेटतात. म्हणजे दोन गाड्या सुटतात एका गावातून आणि जवळजवळ दोन नद्यांच्या उलट दिशेनं चढत वरच्या गावात भेटतात. खोरं म्हणजे काय, हे मी वर्गात फळ्यावर कितीतरी वेळा शिकवलं आहे. इतक्या स्वच्छ ते मलाही कधी दिसलं नव्हतं.

आणि अपूर्णांक. शाळेच्या कागदावर अर्धा अधिक अर्धा अधिक एक, याचं उत्तर त्यानं चुकवलं होतं. घरी त्याला विचारलं, आजी, आई, बाबा आणि तू अशी चौघांची तिकिटं काढायची तर? तो लगेच म्हणाला, आजी पंच्याहत्तरच्या पुढे, तिचं फुकट, आईचं अर्धं, बायकांना २०२३ पासून अर्धंच आहे, माझं अर्धं, मी बाराच्या आत, बाबांचं पूर्ण. "चौघांची मिळून दोन." कागदावरचं गणित आणि हे गणित एकच आहे, हे त्याला दाखवायला मला पाच मिनिटं लागली.

एकाच मुलाच्या गोष्टीवरून सगळ्यांसाठी नियम काढता येत नाही, हे मला कळतं. सांगायचं एवढंच की आवड ही एकाच विषयाची पेटी नसते. एसटीत भूगोल होता, इतिहास होता (पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, हे तो कुणालाही ऐकवतो), गणित होतं, आणि अनोळखी माणसाशी अदबीनं बोलणंही होतं. मेव्हण्यांनी विचारलं, "मग काय ड्रायव्हर होणार का हा?" घाटात चाळीस माणसांचा जीव सांभाळणारं काम कमी प्रतीचं कसं, हे मला समजत नाही. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे नऊव्या वर्षीची आवड हा नोकरीचा अर्ज नसतो. आज ती एसटी आहे, उद्या नकाशे असतील, परवा इंजिन. एखाद्या गोष्टीच्या मुळाशी जायची सवय तेवढी पुढे येते.

## बक्षीस दिलं तर आवड वाढेल ना?

इथे भल्या भल्या घरांची गफलत होते. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी संशोधकांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या मुलांना स्केचपेननं चित्रं काढायला मनापासून आवडायचं त्यांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर छान प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्याला न सांगता नंतर दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. काही दिवसांनी स्केचपेन पुन्हा मोकळेपणी समोर ठेवले तेव्हा पहिल्या गटातल्या मुलांनी इतरांच्या मानानं जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढली. जे खेळ होतं ते त्यांच्यासाठी मोबदल्याचं काम झालं होतं.

हे ऐकून अविश्वास वाटत असेल तर आपल्या दिवाळीच्या किल्ल्यांकडे पाहा. माती, दगड, जुनी पोती, बालेकिल्ल्याचा उतार ढासळू नये म्हणून लावलेल्या विटा, आणि आठवडाभर आधी टाकलेला अळीव किंवा मोहरी, म्हणजे दिवाळीपर्यंत डोंगर हिरवा होतो. वाड्यातली मोठी मुलं सांगायची, धाकटी चिखल आणायची. शिकवणारं कुणी नव्हतं. आता कित्येक ठिकाणी किल्ल्यांच्या स्पर्धा झाल्या आणि त्याच वेळी बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले आले. स्पर्धेला माझा विरोध नाही, चांगली मंडळं त्यातून मुलांना गडांवरही नेतात. पण नंबर हाच हेतू झाला की बाबा स्वतः माती लिंपायला बसतात आणि पोर बाजूला उभं राहून फोटो काढतं.

## कायदा नेमकं काय म्हणतो?

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा, ज्याला सगळे आरटीई म्हणतात, २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी तो आहे. त्याचं कलम १० म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे आईवडिलांचं कर्तव्य आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकांसाठी त्या कलमात शिक्षा सांगितलेली नाही. घरशिक्षणाला स्पष्ट परवानगीही त्या कायद्यात लिहिलेली नाही. म्हणून "पूर्ण कायदेशीर आहे" असं ठासून सांगणारे आणि "पोलीस येतील" म्हणून घाबरवणारे, दोघांवरही विश्वास ठेवू नका. ही मधली, धूसर जागा आहे आणि तिच्यात उतरणाऱ्यानं ते जाणून उतरावं. अमेरिकेत सगळ्या राज्यांत घरशिक्षणाला मान्यता आहे, जर्मनीत मुलाला शाळेतच जावं लागतं. आपल्याकडे अजून दोन्ही नाही.

याच कायद्याचं कलम ४ मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. शाळेत न गेलेल्या किंवा मधेच सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळायला हवा आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळायला हवं, असं ते सांगतं. म्हणजे घरशिक्षणाचा प्रयोग जमला नाही तर परतीचं दार बंद नाही.

दहावी-बारावीसाठी वाटा आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून काम करते. तिथे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे मुक्त पातळ्यांचे अभ्यासक्रम आहेत. चौदा वर्षं पूर्ण झालेलं मूल दहावीला बसू शकतं, पाच विषय घ्यावे लागतात, ते एकाच वेळी द्यायची सक्ती नाही, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. आपल्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं म्हणजे विषयांत चित्रकला आहे, हिंदुस्थानी संगीत आहे. गाण्यात बुडालेल्या मुलीला गाणं बाजूला ठेवून दहावी करावी लागत नाही, गाणं घेऊन करता येते. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्यासाठीचा राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म तर आपल्याकडे घराघरात ठाऊक आहे. पुढे एखाद्या विशिष्ट महाविद्यालयात किंवा परीक्षेला जायचं असेल तर तिथल्या त्या वर्षीच्या अटी आधी स्वतः वाचाव्यात; या बाबतीत ऐकीव माहितीवर मुलाचं वर्ष लावू नये.

## "इतर मुलांत मिसळणार कशी?"

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो. त्याचं एक उत्तर घरशिक्षणवाले देतात आणि ते खरं आहे: एकाच वयाची पन्नास मुलं एका खोलीत, असं जगात शाळेबाहेर कुठेच नसतं. बाजारात, शेतात, भजनी मंडळात, मैदानावर लहानमोठे एकत्र असतात. पण अंगण असलेल्या घरातलं पोर आणि बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधलं एकुलतं एक पोर यांची स्थिती सारखी नाही. दुसऱ्यासाठी सोबत रोज मुद्दाम उभी करावी लागते, आणि ते शिकवण्यापेक्षाही कष्टाचं आहे. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी शाळा सोडू नये असं मला स्पष्ट वाटतं.

## "आवडेल तेच केलं तर नावडतं कोण शिकणार?"

माझं मत इथे अनस्कूलिंगवाल्या काही मित्रमंडळींपेक्षा वेगळं आहे. वाचन, लेखन आणि पायाचं गणित मी आवडीवर सोडणार नाही. ती साधनं आहेत. भाच्याला पाट्या वाचता येत नसत्या तर एसटीचं वेड पाट्यांच्या रंगापाशीच थांबलं असतं. रोज थोडा वेळ, हसतखेळत पण न चुकता, हे झालंच पाहिजे. वय मात्र थोडं मागेपुढे होऊ द्यावं. पाचव्या वर्षी न वाचणारं मूल आठव्या वर्षी पुस्तकात डोकं खुपसून बसलेलं मी पाहिलं आहे.

याच्याच जोडीचा आजचा प्रश्न: "त्याची आवड मोबाइलच आहे, मग?" चुलीची पायरी लावून बघा. रील्समध्ये ठिणगीमागून ठिणगी पडते आणि फुंकर घालायला उसंतच मिळत नाही. मूल ते बघून काही बनवतं का, पुढचा प्रश्न विचारतं का, अवघड गेलं तरी टिकतं का? व्हिडिओ पाहून कागदाचे पक्षी घडवणारं मूल आणि अंगठा वर सरकवत बसलेलं मूल यांच्या हातात यंत्र एकच आहे, पण त्यांच्यात काही साम्य नाही.

## "हे सगळं परवडणाऱ्यांचं आहे"

या आक्षेपापुढे मी बराच वेळ थांबते, कारण तो खरा आहे. घरशिक्षण म्हटलं की जवळजवळ नेहमी आईची नोकरी सुटते. पगार, ओळख, मैत्रिणी, सगळं तिचंच जातं. निर्णय दोघांचा आणि भार एकटीवर असं असेल तर तो निर्णय थांबवावा. आणि ज्या घरात धाकट्या भावंडाला सांभाळायला मुलीला घरी ठेवतात तिथे घरशिक्षण हा शब्द पांघरूण होऊ शकतो. कायद्यानं शाळा सक्तीची केली ती अशा मुलींसाठी.

पंडिता रमाबाई शाळेत गेल्या नाहीत. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं, त्यासाठी लोकांचा रोष घेतला, गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केलं. १८५८ साली रमाबाई जन्मल्या आणि आईवडिलांकडून, तीर्थयात्रेच्या वाटेवर चालता चालता शिकल्या. १८७८ साली कलकत्त्यात त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. घरच्या शिक्षणाचं याहून तेजस्वी उदाहरण मराठीत नाही. पण रमाबाईंच्या जन्माआधी दहा वर्षं, १८४८ साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा का काढली? अनंतशास्त्र्यांसारखा बाप लाखात एखादीला मिळतो. उरलेल्या सगळ्यांसाठी शाळा हवी होती, आजही हवी आहे.

आणि शाळेनं मुलाच्या दिवसाप्रमाणे वाकायचं ठरवलं तर ती वाकू शकते. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी पाहिलं की आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत. त्यांनी शाळाच कुरणावर नेली. तिला त्या कुरणशाळा म्हणत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान कधीतरी मुलांना दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांबरोबर काम करायला मिळावेत असं सुचवलं आहे. कोसबाडच्या कुरणातून पाहिलं तर दहा दिवस फारच थोडे वाटतात.

## शाळा न सोडता काय करता येईल?

साधा हिशेब करू. आरटीईच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान ८०० तास अध्यापन सांगितलं आहे, सहावी ते आठवीसाठी १०००. मूल साडेनऊ तास झोपतं असं धरलं तर वर्षाचे जागे तास होतात सुमारे ५३००. म्हणजे वर्गातलं शिक्षण जाग्या वेळेच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी! शाळा सोडावी की नाही यावर भांडण्याआधी उरलेल्या चार हिश्श्यांचं आपण काय केलं ते पाहावं. जाणं-येणं, शिकवणी, गृहपाठ, आणि मग चित्रकलेचा क्लास, अबॅकसचा क्लास, तबल्याच्या परीक्षा. आवडीसाठी म्हणून काढलेल्या वेळेतही पुन्हा अभ्यासक्रमच.

मी पालकांना सांगते की क्लास वाढवण्याआधी एक कमी करून बघा. आठवड्यातून दोन संध्याकाळी रिकाम्या ठेवा, आणि सुरुवातीला मूल "कंटाळा आलाय" म्हणेल तेव्हा घाबरू नका. घरशिक्षण सुरू करणारी कुटुंबंही सांगतात की शाळेचं वळण उतरायला काही आठवडे, कधी महिने जातात. घरात एक कोपरा असा द्या जिथला पसारा रोज रात्री आवरावा लागणार नाही. अर्धवट राहिलेलं काम दुसऱ्या दिवशी समोर दिसलं की मूल त्यात परत शिरतं. तुम्हाला उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा, आणि ज्याला येतं त्याच्याकडे घेऊन जा. गल्लीतला सायकल दुरुस्तीवाला, ब्लाउज बेतणाऱ्या काकू, रोपवाटिकेतला माळी, पोस्टातले मामा. यांना कुणी आपल्या कामाबद्दल मनापासून विचारत नाही, म्हणून विचारलं की ते भरभरून सांगतात. पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी काडेपेट्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुन्या सीडी यांतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. ती घरी करायला खर्च जवळजवळ नाही. आणि पोरानं केलेल्या कामाला घरात खरी जागा द्या, जशी आजी वाकड्या भाकरीला देते.

गेल्या महिन्यात आम्ही सगळे महाबळेश्वरला निघालो. वेळापत्रक भाच्याकडे दिलं होतं, वडीलधाऱ्यांपैकी कुणी मधे बोलायचं नाही असं ठरलं होतं. आजीला तयार व्हायला उशीर झाला आणि स्टँडवर पोचलो तेव्हा वाईवरची गाडी निघून गेली होती. मेव्हण्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. भाच्यानं वही उघडली, एक पान उलटलं, फलाटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "सव्वादहाची मेढ्यावरून आहे. आजी, तू खिडकीत बस. उजवीकडे की डावीकडे ते मी विचारून येतो, कण्हेरचं धरण दिसलं पाहिजे तुला." आणि तो नियंत्रकांच्या खिडकीकडे पळाला.